पंचवीस ओरचं यीस्ट

“आधी करून दाखव, मग बोल!”

हा आवाज सव्वीस वर्षांपूर्वीचा. पेत्रेआबाईंचा. रेग्नारचं लग्न अजून व्हायचं होतं आणि होणाऱ्या सासूच्या स्वयंपाकघरात तो पहिल्यांदाच पानावर बसला होता. समोर टोपलीत छोटे छोटे गोल पाव. वर खसखस, आत नुसता ढग! लोणी तर इतकं जाड, की घास घेतला तर त्यात दातांचे ठसे उमटावेत. गड्याने पाच पाव हाणले, मिशा पुसल्या आणि त्याला येत होती ती सगळ्यात मोठी स्तुती केली, “वा! अगदी बेकरीतल्यासारखे!”

भिंतीवरचं घड्याळसुद्धा टिकटिकायचं थांबलं. पहाटे उठून कोपरापर्यंत पिठात बुडालेल्या बाईला बेकरीची उपमा! पेत्रेआबाईंनी टोपली उचलली, उंच फळीवर ठेवली आणि ते वाक्य उच्चारलं.

त्यानंतर सव्वीस वर्षं त्या जावयाशी दोनच विषयांवर बोलल्या. एक हवा, दुसरा रस्ता. “वारा आहे.” “हो, वारा आहे.” “रस्त्यात खड्डे आहेत.” “आहेत खरे.” पावाची टोपली टेबलाभोवती फिरायची ती उलट्या दिशेने, आणि रेग्नारपाशी पोचेपर्यंत तिच्या तळाशी एकच पाव उरलेला असायचा. कडेचा. करपलेला.

तसं लिमफ्योर्ड खाडीच्या काठावरचं हे गावच कौतुकाच्या बाबतीत दुष्काळी. वारा मुबलक, बटाटे मुबलक, पण चांगलं म्हणायला जीभ रेटत नाही. इथल्या माणसाला साक्षात स्वर्ग दाखवला, तर तो टोपी मागे सारून म्हणेल, “वाईट नाही.” आणि हेच इथलं सगळ्यात वरचं प्रमाणपत्र! पेत्रेआबाईंनी ते उभ्या आयुष्यात तीनदा दिल्याचं गावाला पाठ होतं. एकदा चर्चच्या नव्या घंटेला, एकदा एका तांबड्या घोडीला, आणि एकदा स्वतःच्या नवऱ्याला. तेही तो कबरीत उतरल्यावर.

चौथं आपल्याला मिळावं, एवढंच रेग्नारचं मागणं होतं. जिवंतपणी मिळालं तर बरं!

म्हणून एप्रिलात लग्नाला पंचवीस वर्षं भरून इथल्या भाषेत ‘चांदीचं लग्न’ व्हायचं होतं, तेव्हा त्याने दुकानात चारचौघांत जाहीर केलं, “त्या सकाळी माझ्या घरी बेकरीचा एकही पाव येणार नाही. एकशेवीस पाव. सगळे माझ्या हातचे!”

चांदीच्या लग्नाची सकाळ म्हणजे काही खायचं काम नाही; खरं तर खायचंच काम! आदल्या संध्याकाळी जोडप्याने नऊलाच अंथरूण गाठायचं आणि काहीही ऐकू येत नाही असं सोंग घ्यायचं. बाहेर शेजारी देवदाराच्या फांद्यांची कमान बांधतात, तिला कागदी गुलाब लावतात, वर चांदीचा पंचवीसचा आकडा. सकाळी सातला सगळं गाव कमानीसमोर उभं राहून गाणं म्हणतं, मग जोडप्याने डोळे चोळत बाहेर यायचं, “अरे बापरे, आम्हाला तर कल्पनाच नव्हती!” म्हणायचं आणि सगळ्यांना आत बोलवून गरम पाव, कॉफी आणि कडू दारूचा एकेक पेला द्यायचा.

“अरे, चाळीस माणसं येणार आहेत,” सोल्वाय म्हणाली. सोल्वाय म्हणजे बायको. पंचवीस वर्षांत तिने रेग्नारचे सगळे बेत पाहिले होते, आणि सगळ्यांचे अवशेषही तिनेच उचलले होते. “बेकरीला सांगितलेलं राहू दे ना. तुझे झाले तर झाले.”

“रद्द केलं.”

“काय?”

“बेकरीचं. आज सकाळीच. अगं, मी गणिताचा मास्तर आहे! पाव म्हणजे काय? पीठ, दूध आणि त्रैराशिक!”

“आईला विचारून तरी घे.”

“आधी करून दाखवतो,” रेग्नार म्हणाला, “मग बोलतो.”

पेत्रेआबाई तेव्हा तिथेच खुर्चीत बसून मोजा विणत होत्या. समारंभासाठी त्या चार दिवस आधीच मुक्कामाला आल्या होत्या. त्यांची एक सुई क्षणभर थांबली. मग चालू झाली.

कृती सासूबाईंच्याच जुन्या वहीत होती. सोल्वायला लग्नात मिळालेली वही. तीस पावांचं माप, सुबक अक्षर, सगळं स्पष्ट. फक्त एका ओळीवर रेग्नारची पेन्सिल अडली. तिथे लिहिलं होतं: “यीस्ट, पंचवीस ओरचं.”

आता आली का पंचाईत! ओर म्हणजे इथल्या क्रोनरचा शंभरावा भाग. पंचवीस ओरचं नाणंच मुळी केव्हाच बंद झालेलं. दुसऱ्या कुणी सासूबाईंना विचारलं असतं. त्या बाजूच्याच खोलीत होत्या, मधे फक्त एक दार. पण रेग्नारने दाराकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि कागद ओढला. तेव्हापासून आजवर महागाई किती पटीने वाढली? लोणी किती, पगार किती, पायताण किती? दोन कागद भरले. उत्तर आलं, तीस पावांना तीन पुड्या. एकशेवीसला बारा. खाली दोन रेघा मारून त्याने स्वतःला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले. सगळं जग महागलं, पण यीस्ट बिचारं जिथल्या तिथे स्वस्तच राहिलं, हे त्या गणितात कुठेच नव्हतं!

दुकानात त्याने बारा पुड्या ओळीने मांडल्या. दुकानदारीण म्हणाली, “मास्तर, घर उडवायचंय का?” रेग्नार गूढ हसला. मागे रांगेत कोण उभं आहे, हे त्याने वळून पाहिलं नाही.

पीठ दमाने फुगू द्यायचं, म्हणजे ते थंडीत ठेवायचं, एवढं त्याला ठाऊक होतं. पण एवढा मोठा टब फ्रिजमध्ये मावतोय कुठे! अंगणात उभी होती गाडी. हवामानवाल्यांनी दोन अंश सांगितलेले. म्हणजे डिकी हाच फ्रिज! त्याने टबावर ओलं फडकं घातलं, डिकी लावली, किल्ली नेहमीसारखी गाडीतच ठेवली आणि नऊच्या ठोक्याला शहाण्या मुलासारखा अंथरुणात शिरला. बाहेर हातोड्या वाजायला लागल्या. नवराबायकोने रिवाजाप्रमाणे काहीही ऐकलं नाही.

सकाळी सहाला त्याने पडदा बोटभर सरकवला.

कमान होती. गुलाब होते. चांदीचा पंचवीस होता. गाडी नव्हती!

“सोल्वाय! गाडी गेली!”

“हळू! आपण झोपलोय.”

“अगं, पीठ आहे तिच्यात!”

“झोपलेल्या माणसाला पीठ नसतं,” सोल्वाय पांघरुणातून म्हणाली. “दारात क्नूद-एरिक गुलाब लावतोय. तुला पाहिलं तर त्याची वर्षभराची मजा जाईल. सोंग घे.”

क्नूद-एरिक म्हणजे शेजारी. कोंबड्यांचा मालक, तुतारीवाला, आणि गावातल्या प्रत्येक कमानीचा मुकादम. समोरच्या दाराने जायची सोय नव्हती. रेग्नार निळ्या पट्ट्यांच्या रात्रीच्या कपड्यांत मागच्या खिडकीतून खाली उतरला, ओल्या गवतावरून अनवाणी कुंपणाला वळसा घालून पुढे आला आणि थेट गावावर आदळला!

सगळे तिथेच होते. गाण्याचे कागद हातात धरून कुंपणाआड गुपचूप तालीम चाललेली. रेग्नारला पाहताच काय झालं? काहीच नाही. एका क्षणात चाळीसच्या चाळीस माणसांनी पाठ फिरवली! रिवाज म्हणजे रिवाज. नवरदेव सातपर्यंत झोपलेला असतो. मग हा जो पट्ट्यापट्ट्यांचा इसम इथे थरथरत उभा आहे, तो नाहीच!

“क्नूद-एरिक, माझी गाडी कुठाय?”

क्नूद-एरिकने आभाळाकडे पाहिलं. “आज पाऊस नाही यायचा,” तो शेजारच्याला म्हणाला.

“अरे, गाडी! अंगणातली!”

“रेग्नार मास्तर या घडीला गाढ झोपेत असतील, नाही?”

“असणारच,” दुसरा म्हणाला. “घोरत असतील. वय झालं.”

“मी जागा आहे! हा बघ! मी इथे आहे!” रेग्नारने त्याची बाही धरून हलवली.

“वारा सुटला वाटतं,” क्नूद-एरिक म्हणाला आणि बाही नीट केली. मग त्याला जरा दया आली असावी. तो वाऱ्यालाच उद्देशून म्हणाला, “काल कमानीला जागा करायची, म्हणून आम्ही मास्तरांची गाडी हलवली बुवा. म्हटलं, चांदीच्या लग्नाच्या दिवशी गाडीला दव कशाला? माझ्या पिल्लांच्या शेडमध्ये ठेवली. ऊब आहे तिथे. छान तीस अंश!”

“तीस!”

“वाऱ्याचा आवाज बाई आज माणसासारखा येतोय,” एक म्हातारी म्हणाली.

रेग्नार धावला. शेडचं दार ढकललं. लाल दिव्यांच्या उबेत तीनशे पिवळी पिल्लं चिवचिवत होती आणि मधोमध गाडी उभी होती. काचा आतून धुरकटलेल्या, जणू तिला ताप भरलाय! त्याने डिकीच्या कडीला हात लावला मात्र. कडी म्हणाली ‘टक्’, आणि झाकण आपोआप वर उचललं गेलं!

पीठ त्याची वाटच पाहत होतं. टब कधीच दिसेनासा झाला होता. ते स्टेपनीला गिळून मागच्या आसनावर चढलं होतं, आसनाचा पट्टा त्याने पोटाभोवती घेतला होता, आणि एक गुबगुबीत हात पुढच्या गियरपर्यंत पोचलेला, जणू म्हणत होतं, “मास्तर, तुम्ही बसा मागे, मी चालवतो!” वास असा, की बिअरच्या पिंपात कुणी मोजे वाळत घातलेत.

रेग्नार जे हाताला येईल ते टबात कोंबू लागला. एकीकडे कोंबावं, तर ते दुसरीकडे हळूच डोकं वर काढी. कोपरापर्यंत पीठ, मिशीत पीठ, पायाशी पिल्लं. शेवटी टब ढकलगाडीत चढवून तो परत निघाला. कुंपणाशी चाळीस माणसांनी पुन्हा एकदम पाठ फिरवली. कवायतीत सैनिकही इतके एकसाथ वळत नाहीत. त्यांच्या पाठीमागून एक ढकलगाडी कुरकुरत गेली, तिच्यामागे पट्ट्यांचा माणूस आणि त्याच्यामागे एक पिवळं पिल्लू.

“छान सकाळ आहे,” कुणीतरी समोरच्या झाडाला म्हणालं.

खिडकीतून टब आत गेला, त्यावर चढून बसलेल्या पिल्लासकट. मग रेग्नारचं डोकं गेलं. मग खांदे गेले. पोट मात्र जाईना! जाताना गेलेलं पोट येताना अडलं, कारण आता त्यावर बोटभर पिठाचा थर होता. पाय बाहेर, डोकं आत, आणि त्याच क्षणी अंगणात तुतारी वाजली. सात!

घराच्या पुढल्या अंगाने गाणं उठलं. गावानेच रचलेलं, सतरा कडव्यांचं:

*पंचवीस वर्षांचं हे दोघांचं घरदार,*
*बाहेर मास्तरांचा दरारा भारी फार,*
*आत सोल्वायबाईंचं चाले सरकार,*
*मास्तर म्हणती बरं!*

*आज यांच्या भट्टीमधी पाव भाजी रेग्नार,*
*कुणी म्हणे ढगाहून हलके होणार,*
*वारा आला तर सारे उडून जाणार,*
*दोरीनं बांधा कुणी!*

“मी जाते,” सोल्वाय झगा गुंडाळत म्हणाली. “तू ये मागाहून. जेवढा येशील तेवढा!”

ती गेली आणि दार पुन्हा उघडलं. चपलांचा आवाज झाला. रेग्नारने मान वर केली. पेत्रेआबाई! ब्याऐंशी वर्षांच्या, ताठ, केसांचा अंबाडा चापूनचोपून बांधलेला. त्यांनी खिडकी पाहिली, जावई पाहिला, टब पाहिला.

“या घराला दार आहे,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि वासराला गाईच्या पोटातून ओढतात तसं एका हिसक्यात त्याला आत घेतलं. टब स्वयंपाकघरात आला. बाईंनी वाकून वास घेतला.

“किती घातलंस?”

“बारा.”

“बारा काय?”

“पुड्या.”

बाहेर सहावं कडवं चालू होतं. पेत्रेआबाई हळूच म्हणाल्या, “पंचवीस ओरला एक पुडी यायची. रात्रभर थंडीत ठेवायचं होतं, तर सगळ्यांना मिळून तेवढी एकच पुरली असती.”

“तुम्ही... तुम्हाला माहीत होतं मी बारा घेतल्या ते?”

“दुकानात तुझ्या मागेच तर उभी होते.”

“मग बोलला का नाहीत, सासूबाई?”

“तू विचारलंस?”

खरंच की! सव्वीस वर्षं तो करून दाखवायच्या मागे होता. विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं. एका दाराचं तर अंतर होतं. ओल्या गवताने भिजलेले त्याचे पाय त्याला एकदम थंडगार लागले. तो खालच्या आवाजात म्हणाला,

“सासूबाई, मला येत नाही हो. कसं करायचं, दाखवता का?”

पेत्रेआबाईंनी काही क्षण त्याच्याकडे पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ इथेही थांबलं की काय, असं त्याला वाटलं. मग त्यांनी बाह्या सारल्या.

“आधी हात धू. त्या पिल्लाला बाहेर सोड. भट्टी मी मघाच तापायला लावलीय.”

गाडीचं वारं लागलेलं सगळं त्यांनी बाजूला काढलं. टबाच्या अगदी मधला स्वच्छ गोळा तेवढा घेतला. त्याचे सोळा तुकडे केले. “हे बघ. तळव्याखाली धर. मुठीत पिल्लू असल्यासारखं. दाबायचं नाही आणि सोडायचंही नाही. फिरव. हं... मनगट नाही, हात!” सुरकुतलेला हात आणि पट्ट्यांच्या बाहीतला हात एकाच फळीवर गोल गोल फिरत होते. बाईंच्या त्या सरावलेल्या हाताखाली गोळा देवाघरच्या चेंडूसारखा उभा राहायचा; रेग्नारचा बसकण मारायचा.

बाहेर गाणं संपलं. शांतता. नवरदेव नाही!

“उठतोय,” सोल्वायचा आवाज आला. “झोप गाढ आहे त्याची.”

“मग पुन्हा पहिल्यापासून!” क्नूद-एरिक गरजला, आणि सतरा कडवी पुन्हा सुरू झाली. ती दुसऱ्यांदा संपली, तेव्हा रेग्नार दारात उभा राहिला. मिशीला पीठ, कपड्याला गवत, केसात पिवळं पीस.

“शुभ सकाळ, मास्तर!” चाळीस तोंडं एकदम उजळली, जणू आज पहिल्यांदाच दिसला. “झोप लागली ना?”

“अरे बापरे,” रेग्नार म्हणाला, “मला तर कल्पनाच नव्हती!”

मग त्याने घसा साफ केला. एकशेवीस पावांची फुशारकी ज्याने दुकानात मारली होती, त्यालाच आता हे बोलायचं होतं. “मंडळी, या. कॉफी आहे. लोणी आहे. पाव मात्र... सोळा आहेत.”

कुणी हसलं नाही. फक्त कागद चुरचुरल्याचा आवाज झाला. क्नूद-एरिकने पाठीमागचा हात पुढे आणला. त्यात बेकरीची पिशवी. “आमच्याकडे काल जरा जास्तच आणले गेले होते,” तो बुटांकडे बघत म्हणाला. त्याच्या शेजाऱ्याच्याही पाठीमागे पिशवी. म्हातारीच्या छत्रीत दोन. चाळीस माणसं, चाळीस पिशव्या! रेग्नारने एकशेवीस पावांचं सांगितलेलं रद्द केलं, त्या दिवसापासून बेकरीवालीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती म्हणे.

दोन लांब टेबलं भरली. बेकरीच्या पावांचे डोंगर उभे राहिले आणि मधोमध एका ताटलीत रेग्नारचे सोळा. मधले फिकट, कडेचे करपलेले, सगळेच चपटे, कुणी नदीकाठचे गोटे वेचून आणलेत असे. पेत्रेआबाईंनी हात पुढे केला. डोंगर ओलांडून हात ताटलीपाशी गेला. त्यांनी एक उचलला, फोडला, लोणी लावलं. जाड. आणि घास घेतला.

चाळीस कप हवेत थांबले. सोल्वायने डोळे मिटले.

बाई चावत राहिल्या. खूप वेळ चावत राहिल्या. गिळलं.

“मीठ विसरलास.”

रेग्नारने टेबलाची कड धरली. मीठ! पिठाला वेसण घालतं ते मीठ! वहीत तिसऱ्याच ओळीवर होतं.

पेत्रेआबाईंनी तोंड पुसलं. मग त्यांनी ताटली उचलली आणि तिला टेबलाभोवती न फिरवता सरळ जावयासमोर ठेवली.

“घे,” त्या म्हणाल्या. “मधला घे. करपलेले मी खाते.” आणि कडू दारूच्या पेल्यात बघत, हवेबद्दल बोलावं अशा आवाजात पुढे म्हणाल्या, “पाव वाईट आहे. जावई वाईट नाही.”

क्नूद-एरिकने टोपी काढली. सोल्वायच्या कपातली कॉफी बशीत सांडली. रेग्नारने मधला पाव उचलला आणि मोठा घास घेतला. बिनमिठाचा, आणि आता हळूहळू खारट होत चाललेला.

“वारा आहे,” तो कसाबसा म्हणाला.

“हो, वारा आहे,” पेत्रेआबाई म्हणाल्या. “पण गाडी तेवढी विकून टाक.”